आधी मशीनचा आवाज ऐकवा, मग वेळ सांगते: एकटीच्या कामात व्हॉट्सॲप बिझनेस

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. घरोघरी जाऊन, एकटी. हाताखाली कुणी नाही, फोन घ्यायला कुणी नाही. मशीन उघडून बसले की बोटांना तेल आणि कापडाची लव चिकटलेली असते आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. एकट्याने सेवा देणाऱ्यांसाठी हल्ली पुष्कळ ॲप्स आहेत. त्यातलं मी रोज वापरते ते व्हॉट्सॲप बिझनेस. मला ते मनापासून आवडतं. पण लोक ज्या कारणासाठी ते घेतात, म्हणजे दुकानाची पाटी लावल्यासारखं नाव-पत्ता दिसावा म्हणून, त्या कारणासाठी नाही. माझं कारण वेगळं आहे. या ॲपमुळे मला वेळ देण्याआधी काम समजून घेता येतं, आणि म्हणून दिवस हलवता येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे नेहमीच्या व्हॉट्सॲपपेक्षा वेगळं ॲप आहे, जानेवारी २०१८ मध्ये आलं, उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. एकाच फोनवर दोन्ही ॲप्स चालतात, फक्त नंबर दोन लागतात. दुसरं सिमकार्ड नको असेल तर लँडलाइनच्या नंबरवरही खातं उघडता येतं. पडताळणीचा आकडा फोन करून सांगितला जातो. माझा आग्रह आहे की नंबर वेगळाच ठेवा. घरच्यांचे फोटो आणि गिऱ्हाइकांची मशिनं एकाच यादीत आली की संध्याकाळ आपली राहत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या कामात सगळ्यात मोठी अडचण ही की काम किती वेळाचं आहे ते आधी कळत नाही. "ताई, मशीन टाके सोडतंय" हे वाक्य मी सतत ऐकते. यामागे सुई बोथट झालेली असू शकते. सुई उलटी बसवलेली असू शकते, चपटी बाजू नको त्या दिशेला. जाड डेनिमला ९०/१४ मापाची सुई लावलेली असू शकते, जिथे त्याहून जाड १००/१६ हवी. ही सगळी दोन मिनिटांची कामं, आणि ती गिऱ्हाईक स्वतः करू शकतं. पण तेच वाक्य हुकचं, म्हणजे सुईखाली फिरून दोरा पकडणाऱ्या भागाचं, टायमिंग हललं असेल तरी ऐकू येतं. सुई तळाला जाऊन साधारण २ ते २.५ मिलिमीटर वर आली की तिच्या नेढ्याजवळ दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. हुकचं टोक नेमकं त्याच क्षणी त्या फासात शिरलं पाहिजे. किंचित आधी किंवा किंचित नंतर गेलं तर फास सापडत नाही आणि टाका सुटतो. हे जुळवायचं तर खालचं सगळं उघडायचं, स्क्रू ढिले करायचे, हाताने चाक फिरवत फिरवत बघायचं, घट्ट करायचं, परत बघायचं. त्यात दुपार जाते.

तक्रार एकच, पण एकीकडे दोन मिनिटं आणि दुसरीकडे अख्खी दुपार. मग मी वेळ कशाच्या भरवशावर देऊ?

म्हणूनच ऑनलाइन वेळ ठरवण्याची पानं मला मानवली नाहीत. गूगल कॅलेंडरमध्ये अशी सोय आहे. साध्या वैयक्तिक खात्यावरही एक बुकिंग पान करता येतं. दोन भेटींमध्ये मोकळा वेळ ठेवता येतो, एका दिवसात जास्तीत जास्त किती भेटी घ्यायच्या ते सांगता येतं, ऐनवेळी कुणी घुसू नये म्हणून किमान किती आधी बुक करायचं हेही ठरवता येतं. चांगलं विचार करून केलेलं साधन आहे. शिकवणी घेणारे, सल्ला देणारे, समुपदेशन करणारे, ज्यांचा तास हा तासच असतो, त्यांनी ते जरूर वापरावं. पण त्या पानाला सुरुवातीलाच विचारायचं असतं की भेट किती मिनिटांची. माझ्याकडे त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर नसतं. अर्धा तास लिहिला तर दुपारच्या कामात पुढची दोन घरं ताटकळतात. तीन तास लिहिले तर दिवसाला दोनच घरं होतात आणि त्यातल्या एका घरी सुई बदलून मी दहा मिनिटांत मोकळी.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये उलट क्रम शक्य होतो. आधी विचारायचं, मग वेळ द्यायची. आणि विचारण्यासाठी यात जी सोय आहे ती म्हणजे क्विक रिप्लाय. नेहमी लागणारा मजकूर एकदा लिहून ठेवायचा, त्याला एक छोटं नाव द्यायचं, आणि गप्पांमध्ये तिरकी रेघ (/) टाकून ते नाव निवडलं की अख्खा मजकूर समोर येतो. असे ५० मजकूर साठवता येतात, सोबत फोटोही जोडता येतो. मला ५० कधी लागले नाहीत. मोजके आहेत, पण ते घासूनपुसून लिहिलेत. माझा पहिला मजकूर असा आहे:

"नमस्कार. मशीन बघायला नक्की येते. त्याआधी तीन गोष्टी पाठवाल का? एक, शिवलेल्या कापडाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, वरचा आणि खालचा. दोन, सुईच्या भागाचा जवळून फोटो, दोरा ओवलेला असताना. तीन, मशीन रिकामं चालवून त्याचा आवाज रेकॉर्ड करून. हे मिळालं की किती वेळ लागेल ते सांगते."

हा मजकूर माझ्या व्यवसायाचं दार आहे असं मी मानते. त्यातला शब्दन् शब्द मी बदलत आणत इथवर आणला आहे. "नक्की येते" हे पहिल्याच ओळीत आहे, कारण ते नसेल तर माणसाला वाटतं ही टाळतेय. कापडाच्या दोन्ही बाजू यासाठी की बिघाड कुठे आहे ते कापडच सांगतं.

खाली दोऱ्याचं जाळं होणं घ्या. कापड वरून बरं दिसतं आणि खाली दोऱ्याचा नुसता गुंता. बघणाऱ्याला वाटतं खाली घोळ आहे म्हणजे बॉबिन, खालच्या दोऱ्याची रीळ, बिघडली. लोक बॉबिन केस बदलतात, नवी बॉबिन आणतात, काही होत नाही. कारण बहुतेक वेळा दोष वर असतो. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला तर दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही, वरच्या वर राहतो. मग वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि तो खाली ढिला सुटून गोळा होतो. उपाय एवढाच: प्रेसर फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा, टेक-अप लिव्हरमधून, म्हणजे सुईबरोबर वर-खाली होणाऱ्या दांडीतून, गेलाय ना ते बघा. हा माझा दुसरा साठवलेला मजकूर. सोबत चकत्यांमध्ये बसलेल्या दोऱ्याचा फोटो जोडलेला आहे, बाण काढून.

यावर माझ्या ओळखीच्या काही कारागिरांचं म्हणणं असतं की असं फुकट सांगत बसलीस तर पोट कसं भरणार. मला हा प्रश्न खरा वाटतो, म्हणून उत्तर देते. दोरा नीट ओवून देण्यासाठी मी प्रवास करून जाणं हे माझ्या वेळेचं सगळ्यात वाईट मोल आहे. ती खेप वाचली की त्या जागी टायमिंगचं, मोटरचं, गंजलेल्या मशीनचं काम बसतं, ज्याचे पैसे व्यवस्थित मिळतात आणि ज्यासाठी खरंच माझी गरज असते. आणि ज्याला मी घरबसल्या दोरा ओवायला शिकवलं तो मशीन खरंच बिघडल्यावर दुसऱ्या कुणाकडे जात नाही. माझी कितीतरी चांगली गिऱ्हाइकं अशा न झालेल्या भेटींतून आली आहेत.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण व्हॉइस मेसेजचा हा उपयोग मी फार कुणाकडून ऐकलेला नाही. रिकामं मशीन चालवलं की ते बोलतं. कोरडं पडलेलं मशीन एकसारखं घरघरतं. सुई कुठे आपटत असेल तर प्रत्येक फेरीला टक् असा एक ठोका येतो, अगदी ठेक्यात. पट्टा ढिला असेल तर मोटरचा आवाज चढतो पण मशीन त्या मानाने पळत नाही. खाली हुकच्या घरात दोऱ्याचा तुकडा अडकला असेल तर आवाज जड होतो, अधूनमधून अडखळतो. मेसेज दोन-तीनदा ऐकायचा, दीडपट-दुप्पट वेगाची सोय चुकूनही वापरायची नाही. यातून रोगाचं नाव दर वेळी कळतं असा माझा दावा नाही. पण काम छोटं की मोठं, एवढं बहुधा कळतं. आणि मला वेळ द्यायला तेवढंच लागतं.

दुसरी सोय लेबलांची. प्रत्येक संभाषणाला रंगीत लेबल लावता येतं, अशी २० पर्यंत लेबलं करता येतात. ॲपमध्ये आधीपासून नवं गिऱ्हाईक, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण अशी काही तयार असतात. वस्तू विकणाऱ्याला ती ठीक आहेत, मला त्यातलं "पैसे बाकी" सोडून काही उपयोगी पडलं नाही. मी माझी केली: फोटोची वाट, सुटा भाग हवा, छोटं काम, मोठं काम, तारीख ठरली, पुन्हा बघायचं. आणि एक अजून, ज्याच्यावर माझा सगळा जीव आहे: "घाई नाही".

तारीख ठरवताना मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते. "तुमचं काम अडलंय का, की सवडीने चालेल? सवडीने चालणार असेल आणि मध्येच मी त्या बाजूला मोकळी झाले, तर अर्धा तास आधी विचारून आले तर चालेल का?" ज्याच्या रोजच्या कमाईचं मशीन आहे तो म्हणतो, अडलंय. त्याला पक्की तारीख. पण घरात हौसेने शिवणारी पुष्कळ माणसं आनंदाने हो म्हणतात, कारण तारखेला बांधून राहणं त्यांनाही नको असतं. त्यांना "घाई नाही" लेबल लागतं.

मग एखाद्या दिवशी सकाळचं मोठं काम रद्द होतं. गिऱ्हाईक गावाला गेलेलं असतं, किंवा मागवलेला भाग आलेला नसतो. अशा वेळी मी "घाई नाही" आणि "छोटं काम" ही दोन लेबलं उघडते, जवळची दोन घरं शोधते, साठवलेला मजकूर पाठवते: "आज तुमच्या बाजूला आहे, आता आले तर चालेल? नसेल जमत तर अजिबात हरकत नाही, यादीतला तुमचा नंबर तसाच आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसलं तर माणूस नाही म्हणायला संकोचतो, आणि पुढच्या वेळी या यादीत राहायला तयार होत नाही. कुणी ना कुणी हो म्हणतंच. रिकामी सकाळ भरून निघते. उलटही होतं: एखादं काम लांबलं की पुढच्या घराला लगेच कळवता येतं, आणि ते घर सवडीतलं असेल तर कुणाचं काही बिघडत नाही.

एकट्याच्या व्यवसायात लवचीकपणा म्हणजे कधीही, कुठेही, कुणासाठीही तयार असणं अशी एक समजूत आहे. मला ती घातक वाटते. तसं करणारी माणसं मी थकून काम सोडताना पाहिली आहेत. लवचीकपणासाठी दिवसात थोडी सैल जागा मुद्दाम ठेवावी लागते, आणि कोणतं काम हलू शकतं कोणतं नाही हे आधी माहीत असावं लागतं. मी दुपारनंतरचा एक तुकडा कुणालाच देत नाही. सकाळचं काम लांबलं तर तो तिथे जातो, नाही लांबलं तर यादीतलं कुणी तिथे येतं. लेबलांनी मला हे डोळ्यांसमोर मांडून दिलं. वहीत मी हेच करायचा प्रयत्न करत होते, पण वहीतलं नाव एका पानावरून दुसऱ्या पानावर आपोआप जात नाही.

अवे मेसेजबद्दल, म्हणजे आपण उत्तर द्यायला नसताना आपोआप जाणाऱ्या मेसेजबद्दल. तो कायम, ठरावीक वेळी, किंवा कामाच्या वेळेबाहेर जाईल असा लावता येतो. सगळ्यांना पाठवायचा, की फक्त फोनबुकात नसलेल्यांना, की काही नावं वगळून, हेही निवडता येतं. मी कामाच्या वेळेबाहेरचा पर्याय घेतला आहे आणि जुन्या गिऱ्हाइकांना वगळलं आहे. त्यांना यांत्रिक उत्तर गेलेलं मला बरं वाटत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: फोनला इंटरनेट असेल तरच हा मेसेज जातो. तळघरात, जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत, फोन बंद असताना तो जात नाही. म्हणजे आपण खरोखर संपर्काबाहेर असतो तेव्हाच तो गप्प असतो. यावर विसंबून गिऱ्हाइकाला "लगेच उत्तर मिळेल" असं कुठेही लिहू नका. तसाच ग्रीटिंग मेसेज: पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस काही बोलणं न झालेल्याला तो आपोआप जातो. त्यात मी तोच फोटो-आवाजाचा मजकूर थोडक्यात घातला आहे, म्हणजे मी मशीनवर वाकलेली असताना समोरचा माणूस कामाला लागलेला असतो.

निळ्या खुणा मी बंद ठेवल्या आहेत. तशा केल्या की आपल्यालाही दुसऱ्यांच्या दिसत नाहीत, हा सौदा मला मान्य आहे. वाचणं आणि उत्तर देणं यांच्यामध्ये मला विचाराला वेळ लागतो, आणि तो घेताना कुणी घड्याळ लावून बसलेलं नको. कॅटलॉग, म्हणजे आपल्या वस्तू-सेवांची यादी, ठीक आहे. त्यात ५०० वस्तूंची सोय आहे. माझ्या मोजक्या सेवा आहेत. किंमत लिहिणं सक्तीचं नाही हे चांगलं, कारण काम न बघता आकडा सांगणं मला पटत नाही.

आता कमी काय. दिवसाचा आराखडा मांडायला हे ॲप पुरेसं नाही. लेबल सांगतं की तारीख ठरली, पण कोणत्या वाराला कुठे, आणि मध्ये प्रवासाला किती वेळ, हे सांगत नाही. त्यासाठी मला गूगल कॅलेंडर लागतंच. तिथे मी काम आणि प्रवास असे वेगळे रकाने टाकते. दोन ठिकाणी लिहावं लागतं, त्याला इलाज मला सापडलेला नाही. लेबलांची मर्यादा मला पुरते, पण ज्यांच्याकडे कामांचे प्रकार पुष्कळ आहेत त्यांना २० लवकर संपतील. अवे मेसेज एका वेळी एकच ठेवता येतो. मला आजारपणाचा वेगळा, प्रवासाचा वेगळा, असे तयार ठेवून एका बोटाने बदलायला आवडलं असतं. सध्या ते मजकूर मी क्विक रिप्लायमध्ये ठेवते आणि लागेल तेव्हा तिथून उचलून आणते.

ब्रॉडकास्ट यादीतून एकाच वेळी अनेकांना मेसेज पाठवता येतो, पण ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो पोहोचतो. मला हा नियम योग्यच वाटतो. रिकामी सकाळ भरायला मी ब्रॉडकास्ट वापरत नाही; एकेकाला विचारते. पाच जणांना एकदम विचारून पाचही जण हो म्हणाले तर चौघांना नाही म्हणायचं कुणी?

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांसाठी चार उपकरणं जोडता येतात. मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तर ती जोडणी सुटते. मी संध्याकाळी लॅपटॉपवर लेबलं आवरते. मोठ्या पडद्यावर ते पटकन होतं.

ज्यांना हे ॲप मी सुचवणार नाही असेही आहेत. ज्यांची भेट ठरावीक लांबीची आहे त्यांना बुकिंग पान जास्त सोपं जाईल. ज्यांचं काम एकाच गिऱ्हाइकाबरोबर महिनोन्‌महिने चालतं, म्हणजे भाषांतर, हिशेब, रचना, त्यांना मेल आणि एक साधी यादी पुरे. ज्यांची गिऱ्हाइकं फोनवर बोलणंच पसंत करतात त्यांनी त्यांच्यावर हे लादू नये. माझ्याकडे अशा काही वयस्क बाई आहेत, त्यांना मी फोन करते आणि मशीन फोनजवळ चालवायला सांगते. आवाज तसाही ऐकू येतो.

घ्यायचं ठरवलं तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी चालू करा आणि बॅकअप लावा. दुसऱ्याच्या हाती हे खातं गेलं तर मोठ्या कंपनीचा एक विभाग अडेल; आपलं सगळं कामच अडेल. शिवाय गिऱ्हाइकांची नावं, नंबर आणि कोणतं मशीन, कोणता भाग कधी बदलला, एवढं तरी ॲपबाहेर एका तक्त्यात ठेवा. मी आठवड्याच्या शेवटी तेवढंच करते, लेबलं बघत बघत, आणि त्याच बैठकीत "सुटा भाग हवा" मधली यादी दुकानदाराला पाठवून देते.